पाण्यातली वाकळ

किल्लारीत बसून समुद्राच्या तळाशी घालायच्या कपड्यांवर लिहायला घेतलं, तेव्हा पहिली टिंगल घरच्यांनीच केली. त्यांचं चुकलं नाही. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून प्यायचं पाणी आणावं लागलं तो हा लातूर जिल्हा. इथं माणूस पाण्यात बुडण्यापेक्षा पाण्यावाचून मरेल, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात आणि त्यात गंमत थोडीच असते.

पण पौषातल्या सकाळी विहिरीत उडी मारलेल्या कुणालाही या प्रकरणातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. काठावर उघड्या अंगाला काटा आलेला असतो. पाण्यावर वाफ दिसते. मुटका मारला की पाणी चक्क कोमट लागतं, कारण जमिनीच्या पोटातलं पाणी थंडी-उन्हाळ्यात फारसं बदलत नाही. बदलते ती वरची हवा. पाच मिनिटं मजेत जातात. दहाव्या मिनिटाला ओठ निळे पडायला लागतात. पैज लावून तळाचा चिखल आणायला खाली गेलं की दीड परसावर अंगाभोवतीचं पाणी एकदम गार होतं, जणू कुणी थंड कापडाचा पडदा मध्ये टांगलाय. समुद्रात बुड्या मारणारे या पडद्याला थर्मोक्लाइन म्हणतात. आम्ही ‘खालचं पाणी गारढोण आहे’ एवढंच म्हणायचो.

कोमट वाटणारं पाणी दहा मिनिटांत हुडहुडी का भरवतं? पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. 26 अंशांच्या हवेत आपण सदरा काढून बसतो. 26 अंशांच्या पाण्यात तासभर स्वस्थ बसलं तर दात वाजतात. काही न घालता, हालचाल न करता माणसाचं अंग स्थिर राहायला पाणी 33 ते 35 अंशांचं लागतं. तेवढं ऊन पाणी न्हाणीघरात मिळतं, आपल्या समुद्रात नाही. म्हणजे बुडी मारणाऱ्याला ‘थंड पाणी’ हा प्रश्न नॉर्वेत गेल्यावर पडत नाही. तो कोकणातच पडतो.

मला तो तारकर्लीत पडला. जानेवारी होता, पाणी 27 अंशांच्या आसपास. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ पर्यटकांना वीस-पंचवीस मिनिटं खाली नेऊन आणतात, त्यात थंडीचा विचार करायची वेळच येत नाही. मी शिकायला गेलो होतो. दिवसाला दोन बुड्या, प्रत्येक पाऊण तासाची. अंगात अर्ध्या बाह्यांचा तीन मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी सूट. शिकवणाऱ्यानं आतून घालायला एक पातळ बंडी पुढे केली. मराठवाड्याचा माणूस 27 अंशांच्या पाण्याला घाबरतो हे बरं दिसणार नाही, म्हणून मी नको म्हटलं. दुसऱ्या बुडीत अर्ध्या तासानंतर माझं लक्ष माशांवर नव्हतं, घड्याळावर होतं. हवेचा काटा वाचायला दोनदा बघावं लागलं. बोटं पट्ट्याच्या कडीवर नीट बसेनात. वर आल्यावर होडीत वारा लागला आणि खरी थंडी तिथं वाजली. थंडीनं माणूस मरायच्या कितीतरी आधी त्याची बुद्धी मंदावते, हे त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर हट्टानं एक बंडी विकत घेतली. काळी, रबरासारखी, डोक्याला कानटोपी जोडलेली. वेटसूटच्या आत घालायची ही टोपीवाली बंडी म्हणजे थंड पाण्यासाठी घ्यायची पहिली वस्तू, असं माझं मत झालंय आणि ते का, ते पुढे येईल. आत्याकडे गेलो तेव्हा पिशवीतून ती बाहेर पडली. आत्या वाकळ शिवत बसली होती. जुनं लुगडं वर, खाली धोतराचे तुकडे, मध्ये काय काय जोडलेलं, आणि त्यावरून चारी बाजूंनी आत आत जाणारा धावदोरा. तिनं बंडी हातात घेतली, चिमटीत दाबली, सोडली. दाबलेली जागा हळूच वर आली.

“काय भरलंय रं ह्यात? कापूस?”

“वारं भरलंय.”

“मंग आमच्या वाकळंत काय दुसरं आसतंय?”

हे वाक्य मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकात इतकं नेमकं मिळालं नव्हतं. वाकळेची ऊब लुगड्याची नसते. थरांच्या मध्ये अडकून पडलेल्या, हलू न शकणाऱ्या हवेची असते. धावदोरा थर एकमेकांना धरून ठेवतो, म्हणून हवा इकडून तिकडे वाहत नाही. वेटसूटचं निओप्रीन असंच आहे: कृत्रिम रबर, त्यात नायट्रोजनचे असंख्य बारीक बंद बुडबुडे. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत 1930 मध्ये हे रबर तयार झालं. त्याचा फेस करून अंगावर घालायची कल्पना मात्र वीस वर्षांनी आली, आणि ती एका अणुशास्त्रज्ञाला.

ह्यू ब्रॅडनर हे पहिल्या अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. 1951-52 च्या सुमारास ते कॅलिफोर्नियात बर्कलीला होते आणि अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांना थंडी कशी वाजणार नाही यावर विचार करत होते. तोवर सगळ्यांची समजूत अशी की ऊब हवी तर अंग कोरडं ठेवलं पाहिजे. त्यासाठी पातळ रबराचे सूट असत, आत लोकरी कपडे, आणि एखादं भोक पडलं की सगळंच ओलं नि निकामी. ब्रॅडनर यांनी प्रश्नच फिरवला. कापडातच वायू बंद करून ठेवला असेल तर अंग ओलं झालं म्हणून काय बिघडलं? पाणी आत येऊ दे. ऊब त्या पाण्यावर अवलंबूनच नाही. त्यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. पुढे त्यावर धंदे उभे राहिले ते इतरांचे.

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की आजही निम्मे शिकवणारे उलटं सांगतात: ‘सूटमध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, तो अंगानं तापतो आणि आपल्याला ऊब देतो.’ ऐकायला छान, पण पाणी ऊब देत नाही, ती खातं. आत शिरलेलं पाणी जितकं कमी आणि जितकं स्थिर, तितका तोटा कमी. हा फरक शब्दांचा वाटेल, पण खरेदी करताना सगळं यावरच ठरतं. पाण्याच्या थरावर विश्वास ठेवणारा माणूस ढगळ सूट चालवून घेतो. बुडबुड्यांवर विश्वास ठेवणारा अंगाला चिकटून बसणारा सूट शोधतो.

म्हणून जास्तीचा थर निवडताना जाडी नंतर बघायची. आधी पाणी कुठून शिरतं ते बघायचं. ठिकाणं ठरलेली आहेत. मानेचा गळा, पाठीची चेन, मनगट, घोटा, काख, आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे कमरेच्या मागची खळगी. सूट तिथं अंगापासून सुटलेला असतो. तुम्ही वाकलात की ती खळगी भात्यासारखी काम करते: गरम झालेलं पाणी गळ्यातून बाहेर, गार पाणी आत. प्रत्येक हालचालीला एक लोटा. वरून कितीही जाड सूट चढवा, हा भाता चालू असेपर्यंत उपयोग नाही.

टोपीवाली बंडी इथं कामाला येते. ती पोटा-पाठीवर दुसरा थर देते, कमरेची खळगी भरून काढते, आणि कानटोपी बंडीलाच जोडलेली असल्यामुळे मानेची वाट बंद होते. वेटसूटचा गळा तिच्यावर बसतो. दोन-तीन मिलिमीटरची अशी बंडी तीन मिलिमीटरच्या पूर्ण सूटखाली घातली, तर माझ्या अंदाजानं नुसत्या पाच मिलिमीटरच्या सूटपेक्षा जास्त सुख मिळतं. शिवाय दुसऱ्या दिवशी पाणी ऊन निघालं तर ती काढून ठेवता येते. जाड सूटचं तसं नाही.

डोक्यातून अंगाची निम्मी उष्णता जाते ही ऐकीव गोष्ट खोटी आहे. डोकं अंगाच्या पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि उष्णताही साधारण तितक्याच प्रमाणात जाते. कानटोपीचं महत्त्व वेगळ्या कारणानं. थंडी लागली की हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्त आत ओढून घेतलं जातं. डोक्याची कातडी तेवढी हुशार नाही. तिथं रक्त वाहतच राहतं आणि गार होऊन परत येतं.

किती अंशांना काय घालायचं याची कोष्टकं दुकानात टांगलेली असतात, तेव्हा इथं थोडक्यात. 28-29 अंशांना खरचटू नये म्हणून पातळ लायक्राचा सदरा पुरतो. त्यानं ऊब काडीची मिळत नाही, हे विकणारा सांगेलच असं नाही. 26-27 ला तीन मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा सूट, 23 ते 25 ला त्याखाली बंडी. विसाच्या आसपास पाच मिलिमीटर, बंडी, मोजे, हातमोजे. त्याखाली सात, आणि दहाच्या खाली ओल्या सूटचा नाद सोडून कोरडा सूट. हे सगळं अंगकाठीवर बदलतं. किडकिडीत माणूस, लहान मूल आणि दिवसातली तिसरी बुडी मारणारा कुणीही, यांनी एक पायरी वर जावं. पहिल्या बुडीत खर्च झालेली ऊब तासाभरात भरून येत नाही, अंगाच्या खात्यात ती उधारी राहते.

बंडी घेताना सूट सोबत नेऊन दोन्ही एकावर एक घालून बघायचं. दंडावर, छातीवर इतकं आवळलं की दीर्घ श्वास घेता येईना, तर ती बंडी नको. गळ्याशी फार घट्ट बसलं तर त्याहून नको. मानेच्या रक्तवाहिनीवर दाब पडून चक्कर येते. ओल्या सूटमध्ये पाय जात नसेल तर पायाला कॅरीबॅग बांधायची, सर्रकन जातो. ही युक्ती मला कुठल्याही पुस्तकात दिसली नाही, होडीवरच्या पोरानं दाखवली.

किल्लारीत ‘थर’ हा शब्द वजनाशिवाय उच्चारता येत नाही. इथली जुनी घरं दगड-मातीच्या दोन-तीन फुटी भिंतींची, वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. चैत्र-वैशाखात त्या घरात पाऊल टाकलं की अंग निवायचं. पावसाळ्याआधी गळती बुजवायला वर पांढरी माती टाकत. थर वर्षानुवर्षं वाढत जायचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव झोपलं असताना, जमीन हलली आणि तेच दगड, तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेले. आत्याचं आजचं घर नव्या किल्लारीतलं, भिंती पातळ. उन्हाळ्यात तापतं. ती कुरकुर करते आणि मग आपणच गप्प होते.

त्या दुःखाला पोहण्याच्या कपड्यांच्या शेजारी ठेवायला मला संकोच वाटतो. पण थराचा हिशेब न करता थर चढवू नये, हे मला या गावात राहून समजलं, ते लपवण्यात अर्थ नाही. निओप्रीनच्या थराचा हिशेब उलट्या दिशेचा आहे. तो खाली दाबत नाही, वर उचलतो. बुडबुड्यांनी भरलेली बंडी म्हणजे विहिरीत पोहायला शिकताना पोरांच्या पाठीला बांधलेला भोपळाच. ती घातली की खाली जाण्यासाठी कमरेच्या पट्ट्यात शिसं वाढवावं लागतं. किती, ते कुणी दुसऱ्यानं सांगून उपयोग नाही. सगळे थर घालून, सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना पाण्यावर सरळ उभं तरंगायचं. साधा श्वास धरला असताना पाण्याची रेषा डोळ्यांशी आली आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली गेलात, तर वजन बरोबर. सिलिंडर रिकामा अशासाठी की 12 लिटरच्या भरलेल्या सिलिंडरमधली हवाच तीन किलोच्या जवळ असते. ती श्वासातून संपते आणि शेवटी नेमकं वरच्या पाण्यात थांबायचं असताना माणूस बुचासारखा वर जायला लागतो.

आणि हा भोपळा खाली गेल्यावर आक्रसतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट. बुडबुडे त्या हिशेबानं बारीक होतात. रबर स्वतः दबत नाही, म्हणून पाच मिलिमीटरचा सूट तीस मीटरवर अगदी चौथाई होत नाही, पण निम्म्याच्या आसपास येतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव लावून पाण्याखाली पसरलेला आंग्रिया बँकेचा उंचवटा आहे. त्याचा माथाच वीस मीटरपेक्षा खोल. तिथं पोचेपर्यंत अंगावरची वाकळ पातळ झालेली असते. त्यात पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालचं गार पाणी वर सरकतं. गोव्याजवळ सप्टेंबर-ऑक्टोबरात वरचं पाणी कोमट आणि तळाचं कितीतरी अंशांनी गार, असा प्रकार असतो. होडीवरून हात बुडवून ‘पाणी मस्त आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकून थर ठरवू नयेत. तळाचं तापमान विचारावं. जुन्या सूटबद्दलही तेच: वर्षानुवर्षं दाबले-सोडलेले बुडबुडे फुटतात, सूट मऊ आणि पातळ होतो. भाड्याच्या सूटवर ‘5’ छापलेलं असलं तरी चिमटीत धरून बघावं, आत्यानं धरलं तसं.

थंडी अंगावरूनच लागते असंही नाही. सिलिंडरमधली दाबलेली हवा कोरडी असते आणि सुटताना थंड होते. प्रत्येक श्वास अंगाला तापवावा आणि ओला करावा लागतो, आणि वीस मीटरवर श्वासातली हवा तिप्पट दाट. याला कुठली बंडी नाही. पोटभर जेवण आणि पाणी हाच उपाय. पाणी कमी पिऊन चालत नाही, कारण पाण्यात गेलं की लघवी जास्त होते. सूटमध्येच होते का, हा प्रश्न सभ्य माणसं एकमेकांना विचारत नाहीत.

तारकर्लीच्या होडीत मला वाजलेली थंडी ही शुद्ध माठाची करामत होती. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतलं पाणी गार करतं. ओला सूट घालून वाऱ्यात बसलेला माणूस हा दोन पायांचा माठ. त्यामुळे दोन बुड्यांच्या मधला थर हा कदाचित सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित: वारा अडवणारं साधं जॅकेट, सूट अंगावर असेल तर त्यावरूनच. डोक्याला कोरडी टोपी. पावसाळी रेनकोटसुद्धा चालतो.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते आणि मॉन्टेरेच्या खाडीत बुड्या मारते. तिथं पाणी बारा महिने 10 ते 15 अंशांच्या दरम्यान. तिनं आता कोरडा सूट घेतलाय: मनगट आणि गळ्याशी घट्ट पट्टी, आत पाण्याचा थेंब नाही, ऊब सगळी आतल्या कपड्यांची. तिनं फोनवर विचारलं, आत काय घालू? सुती काही नको, एवढं मी ठामपणे सांगितलं. घाम सुटतोच, सुती कापड तो पिऊन बसतं, थरांतली हवा जाते आणि ओलं फडकं अंगाला चिकटतं. लोकर घाल. पावसात घोंगड्याची खोळ घेऊन मेंढरांमागे उभ्या असलेल्या धनगराला हे कुणी शिकवावं लागलं नाही. घोंगडं भिजून जड होतं, पण लोकरीचे केस मुरडलेले असतात, ओले झाले तरी एकदम चपटे होत नाहीत, मध्ये हवा धरून ठेवतात. भाचीनं मेरिनो लोकरीचे कपडे घेतले. घोंगड्याची चरचर तिला लहानपणापासून माहीत आहे, तेव्हा तो आग्रह मी धरला नाही.

तिला बॅटरीवर तापणारी बंडीही हवी होती. तिथं मी जरा अडवलं. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगात 2007 मध्ये असं दिसलं की तळाशी असताना ऊब आणि वर येताना थंडी, हा क्रम वाईट. उबदार अंगात रक्त जोरात फिरतं, श्वासातल्या हवेतला नायट्रोजन त्यात जास्त विरघळतो. मग थंडीनं वाहिन्या आखडल्या की तो बाहेर पडायला वेळ लागतो आणि सांध्यांत, रक्तात बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. बॅटरी संपायची असेल तर ती बुडीच्या शेवटीच संपणार. घ्यायचीच असेल तर खाली मंद ठेव, वर येताना वाढव, आणि ती बंद पडली तरी निभेल इतकी लोकर आत असू दे.

माझ्या बंडीला या उन्हाळ्यात काखेत चीर गेली. आत्या सुई-दोरा घेऊन पुढे सरसावली. तिला थांबवावं लागलं. वाकळेत टाका आरपार जातो, त्यानंच ती वाकळ होते; निओप्रीनला आरपार टाका म्हणजे टाक्यागणिक एक भोक. चांगल्या सूटच्या शिवणी आधी चिकटवतात, मग सुई अर्ध्या जाडीपर्यंतच नेऊन फिरवतात, पलीकडे निघू देत नाहीत. आत्याला हे पटायला वेळ लागला. मी चिरेच्या दोन्ही कडांना काळं सोल्युशन लावलं, दहा मिनिटं वाळू दिलं, पुन्हा लावलं, पुन्हा थांबलो. ती शेजारी बसून बघत होती. कडा एकमेकींवर दाबल्या तेव्हा तिनं बोट फिरवून शिवण शोधली, सापडली नाही.

“टाका नाही, गाठ नाही. किती दिस टिकंल?”

माहीत नाही म्हटलं. बंडी धुऊन अंगणातल्या तारेवर टाकली आणि मी औशाला कामाला गेलो. संध्याकाळी आलो तर ती तारेवर नव्हती. आत्यानं उन्हातून काढून ओसरीच्या दांडीवर, सावलीत, उलटी करून टाकली होती, आणि शेजारी तिचं घोंगडं.